हरणाच्या शिकारीसाठी शॉटगन: आधी गोळी, मग नळी, शेवटी बंदूक

न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स या अमेरिकी राज्यांत हरणाच्या शिकारीला नेहमीची रायफल चालत नाही. धनुष्यबाण, ठासणीची बंदूक आणि शॉटगन एवढीच साधने तेथे कायद्याने मोकळी आहेत. ओहायो, इलिनॉय आणि मिशिगनचा दक्षिण भाग येथेही कित्येक दशके असाच नियम होता, कारण सपाट शेतजमिनीच्या आणि जवळजवळ घरे असलेल्या मुलखात रायफलची गोळी नको तितकी लांब जाईल, अशी तेथील सरकारांना चिंता होती. अशा प्रदेशांत शॉटगनमधून छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी, म्हणजे स्लग, झाडून पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार केली जाते. नवखा शिकारी दुकानात गेला की बंदुकीच्या नावापासून सुरुवात करतो, ती विकत घेतो आणि मग तिच्यात कोणते काडतूस चालेल याची चौकशी करतो. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा करावा. आपण किती अंतरावरून नेम धरणार आहोत हे आधी ठरवावे, त्या अंतराला पुरेल अशी गोळी निवडावी, त्या गोळीला जुळणारी नळी शोधावी आणि ती नळी जिच्यावर बसते ती बंदूक सर्वांत शेवटी पाहावी.

हे सारे विवेचन अमेरिकेपुरतेच आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ, सांबर, भेकर यांपैकी कोणत्याही प्राण्याची हौसेखातर शिकार करणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा, असे मला मनापासून वाटते.

दुकानात जाण्यापूर्वी कायदा

अमेरिकेत नोकरी किंवा शिक्षणासाठी आलेल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट सर्वांआधी समजून घ्यावी. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगणे हा तेथील संघीय कायद्यानुसार गुन्हा आहे. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. परवान्याची मुदत संपली की ही सवलतही संपते आणि घरातल्या कपाटात ठेवलेली बंदूकसुद्धा अडचणीत आणू शकते. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी लागू नाही. त्याखेरीज प्रत्येक राज्याची स्वतःची कागदपत्रे असतात. न्यू जर्सीत बंदूक खरेदीचे ओळखपत्र लागते, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचे ओळखपत्र, लागते आणि शिकारीचा परवाना मिळवण्यासाठी नवख्या माणसाला बहुतेक ठिकाणी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. ज्यांचे भवितव्य व्हिसावर अवलंबून आहे, त्यांनी मित्राच्या सांगण्यावर विसंबून न राहता वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये.

शिकारीचे नियमही खरेदीवर परिणाम करतात. न्यू जर्सी आणि इलिनॉय या दोन्ही राज्यांत हरणाच्या शिकारीच्या वेळी शॉटगनमध्ये एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत, त्यामुळे पाच काडतुसांच्या बंदुकीत प्लग, म्हणजे जागा अडवणारी छोटी दांडी, बसवावी लागते. इलिनॉयमध्ये हरणासाठी छर्रे चालत नाहीत, स्लगच वापरावा लागतो. न्यू जर्सीत स्लग झाडायचा असेल तर बंदुकीवर डावीउजवीकडे, खालीवर करता येणारी नेमसाधने किंवा दुर्बीण असणे आवश्यक आहे, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीची, टोकाला फक्त एक पितळी मणी असलेली बंदूक तेथे कामाची नाही. हे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत पुस्तिका वाचूनच खरेदीला निघावे.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्याला स्लगची शॉटगन खरोखरच हवी आहे का? ओहायोने आणि दक्षिण मिशिगनने २०१४ पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे गोळीकडच्या टोकाशी मान नसलेल्या, काडतुसांच्या रायफलींना हरणासाठी परवानगी दिली आहे आणि इलिनॉयने २०२३ पासून त्याच प्रकारच्या एकबारी रायफलींना. .४५० बुशमास्टर किंवा .३५० लीजंड या काडतुसांच्या रायफलींचा धक्का बाराबोरच्या, म्हणजे मोठ्या नळीच्या शॉटगनच्या, भारी स्लगपेक्षा कमी असतो आणि नेम अधिक सोपा जातो. तुम्ही त्या राज्यांत राहत असाल आणि घरात आधीची शॉटगन नसेल, तर त्या रायफलींचा विचार आधी करावा. न्यू जर्सीत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र हा पर्याय नाही.

अंतर

घनदाट जंगलात, ओढ्याकाठच्या झाडीत किंवा मचाणावर बसून हरणाची वाट पाहणाऱ्याला बहुधा ५० यार्डांच्या आतच नेम धरावा लागतो. कापणी झालेल्या मक्याच्या शेताच्या कडेला बसणाऱ्याच्या समोर मात्र हरीण १२० किंवा १५० यार्डांवर उभे राहते. या दोन शिकाऱ्यांना लागणाऱ्या बंदुका वेगळ्या आहेत. म्हणून ज्या जागी बसणार, त्या जागी शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी जाऊन, मिळाल्यास लेझरच्या अंतरमापकाने, समोरच्या झाडांची, बांधाची, वाटेची अंतरे मोजून ठेवावीत. डोळ्याने मोजलेले अंतर सपाट शेतात हमखास चुकते आणि स्लगची गोळी इतक्या लवकर खाली येते की २५ यार्डांची चूक हरणाला जखमी करून पळवून लावायला पुरेशी ठरते.

अंतराबरोबरच गोळी हरणाच्या पलीकडे कुठे जाईल हेही त्याच फेरीत पाहावे. शॉटगन म्हणजे सुरक्षित, ही समजूत फार पसरलेली आहे. पेनसिल्व्हेनिया विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात मात्र असे दिसले की, जमिनीला समांतर किंवा अगदी थोड्या चढाने झाडलेला स्लग जमिनीवर आपटून उसळतो आणि एकूण रायफलच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकतो, कारण रायफलची हलकी, वेगवान गोळी आपटल्यावर फुटते किंवा तिचा जोर ओसरतो, तर जड स्लग आपला जोर टिकवून पुढे जातो. हवेत उंच झाडला तर तो सुमारे दोन मैलांपर्यंत पोहोचू शकतो. मचाणाचा मोठा फायदा येथेच आहे, कारण वरून खाली झाडलेली गोळी हरणापलीकडे लगेच मातीत शिरते. ज्या दिशेला मागे मातीचा चढ नाही, रस्ता किंवा घर आहे, ती दिशा आपल्यासाठी नाहीच असे समजून बैठक निवडावी.

गोळी

स्लगचे आज बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात आणि त्यांतील फरक समजला की निम्मी निवड आपोआप होते.

फॉस्टर स्लग कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये तयार केला. मऊ शिशाची, पुढून भरीव आणि मागून पोकळ अशी ही गोळी असते. वजन पुढे असल्यामुळे बॅडमिंटनचे फूल जसे नेहमी बूच पुढे करून उडते, तशी ती नाक पुढे ठेवून सरळ जाते. तिच्या अंगावर तिरप्या रेघा असतात आणि त्यामुळे खोक्यावर तिला 'रायफल्ड स्लग' म्हणतात, पण त्या रेघांमुळे ती फारशी फिरत नाही. नळीच्या टोकाशी असलेल्या आवळ भागातून जाताना शिसे दबायला जागा मिळावी, हे त्यांचे खरे काम. ही गोळी आटे, म्हणजे आत कोरलेल्या पिळदार खाचा, नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीसाठी आहे. बाराबोरमध्ये तिचे वजन साधारणपणे १ औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, आणि नळीतून निघतानाचा वेग सुमारे १,६०० फूट प्रतिसेकंद असतो. ५० ते ७५ यार्डांपर्यंत ती भरवशाची आहे, चांगली नेमसाधने आणि चांगला सराव असेल तर १०० यार्डांपर्यंतही.

दुसरा प्रकार ब्रेनेके. जर्मनीतील विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये तो काढला. ही गोळी भरीव असते आणि तिच्या मागे बूच घट्ट जोडलेले राहते, तेच तिला हवेत सरळ ठेवते. फॉस्टरपेक्षा ती टणक असल्याने आत शिरल्यावर कमी पसरते आणि अधिक खोल जाते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला एवढी खोली लागतेच असे नाही, पण हाडावर बसली तरी ती थांबत नाही, हा तिचा गुण आहे.

तिसरा प्रकार सॅबो. यात नळीपेक्षा बारीक गोळी प्लॅस्टिकच्या दुभंगणाऱ्या आवरणात बसवलेली असते. नळीतले आटे त्या आवरणाला पकडतात, गोळीला गिरकी देतात आणि बाहेर पडताच आवरण गळून पडते. गोळी बारीक, टोकदार आणि वेगवान असल्याने ती दूरवर टिकते. वीसबोरमधील २५० ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची, सॅबो गोळी सुमारे १,८०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते आणि योग्य नळीतून १५० यार्डांपर्यंत हरणासाठी विश्वासार्ह ठरते. किंमत मात्र चढी आहे. सॅबो काडतुसे बहुधा पाचाच्या खोक्यात मिळतात आणि फॉस्टरच्या एका खोक्याच्या पैशांत त्यांची जेमतेम दोन-तीन काडतुसे येतात. हा खर्च बंदूक घेतानाच हिशेबात धरावा, कारण सरावाला काडतुसे परवडत नसतील तर लांब पल्ल्याची बंदूक घेऊन काहीच साधत नाही.

या प्रकारांची अदलाबदल करू नये. सॅबो गुळगुळीत नळीतून झाडली तर तिला गिरकी मिळत नाही, ती आडवीतिडवी होत जाते आणि ५० यार्डांवरही कुठे लागेल याचा नेम राहत नाही. फॉस्टर आटेदार नळीतून झाडला तर मऊ शिसे आट्यांत भरत जाते, पाच-सात बारांनंतर अचूकता ढासळते आणि नळी घासून काढण्यात संध्याकाळ जाते. मांस घरी खायचे असेल तर शिशाऐवजी तांब्याच्या सॅबो गोळ्यांचा विचार जरूर करावा, कारण शिशाचे बारीक कण जखमेच्या आजूबाजूच्या मांसात पसरतात. घरात लहान मुले असणाऱ्यांनी तर मी तांब्याच्याच गोळ्या वापराव्यात, असे म्हणेन.

नळी

आता निवड सोपी होते. ७५ यार्डांच्या आत नेम धरणाऱ्याने गुळगुळीत नळी घ्यावी, तिच्यावर रायफलसारखी मागे-पुढे नेमसाधने असावीत आणि टोकाचा चोक सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे न आवळलेला किंवा अगदी कमी आवळलेला, असावा. चोक म्हणजे नळीच्या टोकाचा आवळ भाग. छर्रे लांबपर्यंत एकवट राहावेत म्हणून तो असतो. रानटी टर्कीच्या शिकारीसाठी लावलेल्या अतिशय आवळ चोकमधून स्लग कधीही झाडू नये. जुन्या एकनळी आणि दुनळी बंदुकांच्या नळीवर 'फुल', म्हणजे पुरता आवळ चोक, असे कोरलेले असेल आणि चोक काढता येण्यासारखा नसेल, तर ती बंदूक स्लगसाठी विचारातच घेऊ नये.

१०० यार्डांपलीकडचा विचार असेल तर पूर्ण लांबीभर आटे असलेली नळी हवी. आटे किती इंचांत एक वळसा पूर्ण करतात ते नळीच्या माहितीत दिलेले असते. बाराबोरमध्ये बहुधा ३५ किंवा ३६ इंचांत एक वळसा असतो, तर सॅव्हेजच्या वीसबोरच्या २२० या बंदुकीत २४ इंचांत एक. आधुनिक, लांबट सॅबो गोळ्यांना अधिक दाट वळसा मानवतो. नळीची लांबी २० ते २४ इंच पुरेशी आहे, त्याहून लांब नळी मचाणावर अडते आणि स्लगला तिचा फारसा लाभही होत नाही.

यांच्या मधला एक मार्ग आटेदार चोकचा आहे, म्हणजे गुळगुळीत नळीच्या टोकाला काही इंच आटे असलेला चोक पिळून बसवायचा. हातात आधीच चांगली बंदूक असणाऱ्याला तो स्वस्तात पडतो आणि काही बंदुकांत चांगला चालतोही. पण वेगवान सॅबोला एवढ्याशा आट्यांत पुरेशी पकड मिळेलच असे नाही, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर नवी बंदूक घेऊ नये.

आटेदार नळी पक्ष्यांच्या शिकारीला निरुपयोगी आहे, हेही लक्षात ठेवावे. गिरकीमुळे छर्रे कड्यासारखे बाहेर फेकले जातात आणि मध्ये पोकळी राहते. ज्याला एकाच बंदुकीत दोन्ही कामे हवी आहेत, त्याने दोन नळ्यांचा संच घ्यावा. मॉसबर्ग ५०० या बंदुकीचा असा संच, छर्ऱ्यांसाठी २८ इंची आणि स्लगसाठी २४ इंची आटेदार नळी असलेला, वर्षानुवर्षे विकला जातो आहे आणि बहुतेक नवख्या घरांना तोच पुरतो.

बारा की वीस

बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या, त्या नळीत बरोबर बसतील अशा किती गोळ्या होतात ती संख्या. म्हणून बाराबोरची नळी वीसबोरपेक्षा मोठी असते, व्यासाने .७२९ इंच, तर वीसबोरची .६१५ इंच. गुळगुळीत नळी आणि फॉस्टर असा बेत असेल तर बाराबोर घ्यावी, कारण जड गोळीचा फायदा तेथे खरोखर मिळतो आणि काडतुसांत निवडही भरपूर आहे. सॅबो आणि आटेदार नळी असा बेत असेल तर मी आज वीसबोरलाच झुकते माप देईन. हरणासाठी तिचा जोर पुरेसा आहे, धक्का कमी आहे आणि धक्का कमी म्हणजे चाप ओढताना डोळे मिटणे, खांदा मागे घेणे, झटका देणे हे दोष जडत नाहीत. हे दोष एकदा जडले की महागडी बंदूकही त्यांना झाकू शकत नाही.

तीन इंची बाराबोर सॅबो काडतुसाचा धक्का हलक्या बंदुकीत खरोखरच दुखवणारा असतो. पावणेतीन इंची काडतूस १०० यार्डांवरच्या हरणाला पुरते, म्हणून विक्रेत्याने तीन किंवा साडेतीन इंची चेंबरची, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेची, कितीही तारीफ केली तरी ते भूषण समजू नये. जुन्या बंदुकीत उलटी काळजी घ्यावी: नळीवर पावणेतीन इंच असे कोरलेले असेल तर तीन इंची काडतूस तिच्यात घालणे धोक्याचे आहे, ते आत बसले तरीही.

घरात दोन्ही बोअरच्या बंदुका ठेवणार असाल तर एका अपघाताची माहिती हवीच. वीसबोरचे काडतूस चुकून बाराबोरच्या नळीत गेले तर ते चेंबरमध्ये न थांबता पुढे घसरते आणि नळीत अडकते. चाप ओढल्यावर काहीच होत नाही, माणसाला वाटते की काडतूस भरायचे राहिले, तो बाराबोरचे काडतूस मागून भरतो आणि पुन्हा चाप ओढतो. नळी फुटते ती बहुधा डाव्या हाताच्या पंजाजवळ. अमेरिकेत वीसबोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात याचसाठी पडला आहे. तरीही दोन बोअरची काडतुसे एका पिशवीत, एका खिशात किंवा एका कोटात कधीही ठेवू नयेत.

बंदुकीची ठेवण

रेमिंग्टन ८७० ही १९५० मध्ये आलेली पंपाची (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस बदलण्याची) बंदूक, मॉसबर्ग ५०० आणि इथाका ३७ या तिन्ही स्लगसाठी दीर्घकाळ वापरात आहेत आणि त्यांच्या नळ्या व सुटे भाग सहज मिळतात. इथाकाने १९५९ मध्ये खास स्लगसाठी डीअरस्लेअर ही बंदूक काढली होती आणि ती आजही जुन्या बाजारात मानाने विकली जाते. पंपाच्या बंदुका स्वस्त, मजबूत आणि थंडीत न अडणाऱ्या असतात. त्यांची उणीव अशी की, नळी काढता-घालता येत असल्याने ती मागच्या भागात किंचित हलते. म्हणूनच दुर्बीण मागच्या भागावर न बसवता नळीलाच जोडलेल्या पट्टीवर बसवलेली असेल, तर नळी हलली तरी दुर्बीण तिच्याबरोबरच हलते आणि नेम टिकतो. आटेदार नळी घेताना अशी पट्टी असलेलीच घ्यावी.

अचूकतेचाच हट्ट असेल तर बोल्टची (बाजूचा दांडा उचलून-ओढून काडतूस भरण्याची), कायम बसवलेल्या नळीची सॅव्हेज २१२ किंवा २२० पाहावी, पहिली बाराबोर, दुसरी वीसबोर. तिचा चाप हलका आणि स्वच्छ सुटतो, जे पंपाच्या बंदुकीत क्वचितच आढळते. जड नळीची एकबारी बंदूकही फार अचूक असते. एच अँड आरची अल्ट्रा स्लग हंटर आता नव्याने निघत नाही, पण चांगल्या स्थितीतली जुनी मिळाली तर तिचे वजन धक्का बराच शोषून घेते. वायूवर चालणारी अर्धस्वयंचलित बंदूक धक्क्याला सर्वांत सौम्य असते, मात्र महाग आणि साफसफाईला वेळखाऊ.

डावखुऱ्यांनी सेफ्टीचा खटका कुठे आहे ते पाहावे. मॉसबर्गचा खटका वर, अंगठ्याखाली असतो आणि दोन्ही हातांना सारखाच सोयीचा पडतो, तर इथाका ३७ रिकामे काडतूस खालून टाकते, त्यामुळे ते डावखुऱ्याच्या तोंडासमोरून उडत नाही.

दस्त्याचे माप दुकानातच घ्यावे आणि तेही हिवाळी जाकीट घालून. उघड्या खांद्याला बेताची वाटणारी बंदूक नोव्हेंबरच्या कपड्यांवर लांब होते आणि काखेत अडकते. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीत पूर्ण, गोल चित्र दिसले तर माप बरोबर आहे. मान उंचावून किंवा गाल उचलून पाहावे लागत असेल तर दस्त्याचा वरचा भाग दुर्बिणीसाठी नीचा आहे. पट्ट्याने बांधायची गालगादी लावून हा दोष भरून काढता येतो. दुर्बीण कमी शक्तीची, १ ते ४ किंवा २ ते ७ पट मोठे दाखवणारी, आणि डोळ्यापासून साडेतीन-चार इंच लांब राहूनही स्पष्ट दिसणारी असावी, नाहीतर धक्क्यासरशी तिची कड भुवईवर बसते.

जुनी बंदूक पारखताना

चांगली जुनी पंपाची बंदूक नव्याइतकीच सेवा देते, पण पारख हवी. प्रथम ती रिकामी आहे याची डोळ्याने आणि बोटाने, दोन्हींनी खात्री करावी. मग नळी काढून घ्यावी, मागच्या बाजूने डोळा लावावा आणि पुढचे टोक खिडकीच्या उजेडाकडे धरावे. निरोगी नळीत प्रकाशाची वर्तुळे एकापाठोपाठ एक, सारख्या अंतराने, अखंड दिसतात. मध्येच एखादे गडद कडे दिसले, किंवा वर्तुळ एका बाजूला ओढल्यासारखे वाटले, तर नळी तेथे फुगलेली किंवा चेपलेली आहे. बाहेरून तीच जागा बोटाने चाचपली तर उंचवटा जाणवतो. अशी नळी कितीही स्वस्त असली तरी नाकारावी. आटेदार नळीत आट्यांच्या कडा ठळक दिसायला हव्यात. त्यांच्यात राखाडी, चमकदार थर बसलेला असेल तर कुणीतरी तिच्यातून फॉस्टर झाडले आहेत. ते घासून निघते, पण घासाघीस करायला कारण मिळते. नळीचे तोंड कुठे ठेचलेले नसावे. शेवटी नकली काडतुसे भरून पंप भराभर चालवावा आणि प्रत्येक काडतूस नीट आत जाते व नीट बाहेर पडते हे पाहावे.

निवड खरी की खोटी, हे कागदावर पाहावे

एकाच बंदुकीतून वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या इतक्या वेगळ्या लागतात की, हे ऐकून माहीत असणाऱ्यालाही प्रत्यक्ष पाहिल्यावर नवल वाटते. म्हणून निदान तीन प्रकारची काडतुसे आणावीत आणि टेबलावर वाळूच्या पिशव्यांचा आधार घेऊन, कान-डोळ्यांचे संरक्षण आणि खांद्यावर गादी लावून, प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या झाडाव्यात. सुरुवात २५ यार्डांपासून करावी, म्हणजे गोळी निदान कागदावर तरी लागते. दोन गटांमध्ये नळी गार होऊ द्यावी. ज्या गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ लागतील त्याच आपल्या.

हरणाचे हृदय आणि फुप्फुसे यांचा भाग साधारण ८ इंची वर्तुळात मावतो. ज्या अंतरापर्यंत तुमची प्रत्येक गोळी, टेबलाच्या आधाराविना, बसून किंवा गुडघा टेकून, त्या वर्तुळात लागते, तेवढाच तुमचा पल्ला, खोक्यावर काहीही छापलेले असो. फॉस्टर ५० यार्डांवर नेमका जुळवला तर १०० यार्डांवर तो सुमारे ५ इंच खाली लागतो. सॅबो १०० यार्डांवर जुळवली तर १५० यार्डांवर ५ ते ७ इंच खाली. हे आकडे आपल्या बंदुकीतून प्रत्यक्ष झाडून पडताळावेत.

गोळी ठरली की त्याच नावाची, त्याच वजनाची आणि खोक्यावर छापलेल्या त्याच लॉट क्रमांकाची काडतुसे त्या हंगामापुरती एकदम घ्यावीत, कारण लॉट बदलला की नेमही किंचित सरकू शकतो. हंगामापूर्वी निरनिराळ्या दिवशी, थंड नळीतून फक्त पहिली गोळी झाडून ती कुठे लागते याची नोंद ठेवावी, कारण रानात हरणावर झाडली जाणारी गोळी बहुधा तीच असते. नळी तेल पुसून स्वच्छ असताना ती एका जागी लागते आणि आधी एक बार झालेला असताना दुसऱ्या जागी, असे आढळले तर शिकारीच्या पहाटेही नळी त्याच स्थितीत राहील अशी व्यवस्था आदल्या दिवशीच करावी.